कंत्राट तीस वर्षांचं, माणूस मात्र रोजंदारीचा

आमचे वडील बांधकाम खात्यात मैलकुली होते. आजच्या पोरांना हा शब्द कदाचित ठाऊक नसेल. रस्त्याचा ठरावीक तुकडा एका टोळीच्या ताब्यात असायचा. साइडपट्टी भरायची, चर मोकळे करायचे, मोऱ्या साफ करायच्या, खड्डा पडला की खडी-डांबर टाकून चोपायचा, मैलाच्या दगडाला चुना लावायचा. वडील आधी रोजंदारीवर होते. पुढे कालेलकर तडजोडीचा लाभ मिळाला. १९६७ च्या या तडजोडीने सलग पाच वर्षं सेवा झालेल्या रोजंदारी मजुराला 'रूपांतरित नियमित अस्थायी आस्थापना' नावाच्या यादीत घेतलं जायचं. नाव गमतीशीर आहे. नियमितही आणि अस्थायीही! पण त्या विचित्र नावाखाली दरमहा पगार आला, आजारपणाची रजा आली, म्हातारपणी पेन्शन आलं. आमच्या वस्तीतली पहिली चार पक्की घरं मैलकुल्यांची होती. त्या घरांतून दोन शिक्षक, एक नर्स आणि हा लेख लिहिणारा माणूस बाहेर पडला.

आता आमचा पुतण्या रस्त्यावर आहे. काम तेच. पाटी-फावड्याच्या जोडीला नारिंगी जॅकेट आणि प्लॅस्टिकचे शंकू आलेत एवढंच. महामार्ग एका मोठ्या कंपनीकडे आहे. कंपनीने देखभाल दुसऱ्या कंपनीला दिली, दुसरीने माणसं पुरवायचं काम तिसऱ्याला दिलं, आणि तिसऱ्याचा मुकादम सकाळी टेम्पोत माणसं मोजून भरतो. मागच्या सहा वर्षांत हा तिसरा चार वेळा बदलला. पुतण्या चारही वेळा नवा झाला. त्याच्याकडे नेमणुकीचा कागद नाही, पगाराची पावती नाही. दिवाळीत घरी आला तेव्हा म्हणाला, "काका, रस्ता परमनंट हाय, कंपनी परमनंट हाय, मीच तेवढा टेम्पररी."

मित्रांनो, महामार्गांच्या दीर्घ मुदतीच्या कंत्राटांवर वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानांवर भरपूर लिहिलं जातं. ते सगळं भांडवलाच्या बाजूने लिहिलं जातं. आपल्या चळवळीत मात्र हा विषय 'इंजिनिअर लोकांचा' म्हणून सोडून दिला जातो. तो तसा सोडण्यासारखा नाही.

आधी व्यवहार समजून घेऊ. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००४ साली पंधरा वर्षांसाठी खासगी कंपनीकडे गेला. कंपनीने सरकारला ९१८ कोटी रुपये आगाऊ दिले, बदल्यात टोल गोळा करायचा आणि रस्ता सांभाळायचा. ती मुदत २०१९ मध्ये संपली. २०२० मध्ये पुन्हा दहा वर्षं दोन महिन्यांसाठी करार झाला, या वेळी आकडा होता ८,२६२ कोटी. केंद्रात हाच प्रकार 'टोल वसूल करा, चालवा, परत द्या' या नावाने सुरू झाला. २०१८ मध्ये नऊ महामार्गांचा पहिला गठ्ठा ९,६८१ कोटींना तीस वर्षांसाठी एका परदेशी गुंतवणूकदाराकडे गेला. दुसरा प्रकार हायब्रीड ॲन्युइटीचा, २०१६ मध्ये केंद्राने मंजूर केलेला. बांधकामाच्या काळात सरकार ४० टक्के रक्कम देतं, उरलेली पंधरा वर्षांत हप्त्याहप्त्याने, आणि तेवढी वर्षं देखभाल त्याच कंपनीची. तिसरा प्रकार फक्त देखभालीचा. पाच-सात वर्षांचं कंत्राट, आणि पैसे किती डांबर ओतलं यावर नाही तर रस्ता किती चांगला राहिला यावर.

या पद्धतीत काही शहाणपण आहे, हे मी मान्य करतो. जुन्या पद्धतीत बांधणारा एक, दुरुस्त करणारा दुसरा आणि बिल काढणारा तिसरा असायचा. दरवर्षी निविदा, दरवर्षी पावसाळा, दरवर्षी खड्डे. यंदाचा खड्डा म्हणजे ठेकेदाराचं पुढच्या वर्षीचं बिल. रस्ता टिकला तर त्याचंच नुकसान! याउलट पंधरा वर्षं तोच रस्ता सांभाळायचा असेल तर बांधणारा पाया नीट घालतो, पाण्याचा निचरा बघतो, कारण चूक केली तर खिसा त्याचाच कापला जातो. मुदत लांब असली की जबाबदारी येते, अनुभव साठतो, यंत्रसामग्रीत पैसा घालायची हिंमत येते. दीर्घ भागीदारीचे समर्थक हेच सांगतात आणि ते खरं आहे.

माझा प्रश्न एवढाच आहे. हा तर्क कंपनीला लागू होतो, तर माणसाला का लागू होत नाही?

दहा वर्षं त्याच पट्ट्यात काम केलेल्या मजुराला माहीत असतं की कुठली मोरी पहिल्या पावसात तुंबते, कुठल्या वळणावर रात्री ट्रक उलटतात, दुभाजकाच्या कुठल्या फटीतून जनावरं आत येतात. हा अनुभव कुठल्याही संगणकात नाही. दर दीड वर्षाने माणसं बदलली किंवा तीच माणसं 'नवी' म्हणून दाखवली की ती रस्त्याचीही हानी असते. करारात खड्डा किती तासांत बुजवायचा, राडारोडा किती वेळात हलवायचा, याचे तक्ते असतात. चुकलं तर दंड असतो. पण तो खड्डा बुजवणाऱ्याची मजुरी किती दिवसांत द्यायची, याचा तक्ता त्या शेजारी का नसतो? मजुरी थकली म्हणून कंपनीचा हप्ता कापला, असं कधी ऐकलंय?

'भागीदारी' हा शब्दच तपासून बघा. सरकार भागीदार, कंपनी भागीदार, कर्ज देणारी बँक भागीदार. बँकेच्या हिताची कलमं करारात पानंच्या पानं असतात. कंपनी बुडाली तर बँकेचं काय होईल याची काळजी पहिल्या दिवशी केलेली असते. जो माणूस भर उन्हात ऐंशी-शंभरच्या वेगाने जाणाऱ्या गाड्यांपासून दोन हातांवर उभा राहून काम करतो, तो या भागीदारीत कुठे आहे?

आता कोणी म्हणेल, कंत्राट म्हटलं की हे असंच असणार, जगभर असंच चालतं. मग इंग्लंडकडे बघू, कारण महामार्गाच्या देखभालीची दीर्घ कंत्राटं तिथे आपल्या आधीपासून रुळलेली आहेत. लंडनला वळसा घालणारा एम-२५ हा रस्ता २००९ मध्ये तीस वर्षांच्या कंत्राटावर दिला गेला. तिथल्या संसदेच्या लोकलेखा समितीने पुढे सरकारी यंत्रणेला फटकारलं, की स्वस्त पर्याय वेळेत तपासलाच नाही. इतर रस्त्यांसाठी देशाचे विभाग पाडून एकेका विभागाची देखभाल अनेक वर्षांसाठी एकेका मोठ्या कंत्राटदाराला दिली जायची. नियोजनही त्याचंच, पाहणीही त्याचीच, कामही त्याचंच. पण सगळंच कंत्राटदाराच्या डोक्यात राहिलं तर सरकारला स्वतःच्या रस्त्याची खबर राहत नाही. म्हणून गेल्या दशकात तिथल्या महामार्ग यंत्रणेने नियोजनाचे निर्णय आणि रस्त्याची माहिती हळूहळू स्वतःकडे परत घ्यायला सुरुवात केली. जानेवारी २०१८ मध्ये कॅरिलियन ही बलाढ्य कंत्राटी कंपनी कोसळली. रस्ते, रुग्णालयं, शाळा, तुरुंग अशी सगळीकडे तिची कामं होती आणि जगभर सुमारे ४३ हजार माणसं तिच्याकडे होती. मोठी कंपनी म्हणजे भक्कम कंपनी, हा भ्रम त्या दिवशी फुटला.

पण आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. ब्रिटनमध्ये १९८१ पासून नोकरी-संरक्षणाचे नियम आहेत आणि २००६ मध्ये ते आणखी स्पष्ट केले गेले. एका कंत्राटदाराकडून काम दुसऱ्याकडे गेलं, की त्या कामावर नेमलेली माणसं आपोआप नव्याकडे जातात. पगार तोच, अटी त्याच, सेवेची वर्षंही सलग मोजली जातात. वरचा मालक बदलतो, खालचा माणूस नवा होत नाही. इंग्लंड काही स्वर्ग नाही, तिथेही पळवाटा आहेत आणि कामगारांचे लढे चालू आहेत. पण चार कंत्राटदार बदलले म्हणून कामगाराची सेवा चार वेळा शून्य होणं हा निसर्गनियम नव्हे, एवढं यातून सिद्ध होतं. ती धोरणाची निवड आहे. आपल्याकडे असा सर्वसाधारण नियम नाही. २०२५ पर्यंत लागू असलेला १९७० चा कंत्राटी कामगार कायदा मूळ मालकाला जबाबदार धरत होता, ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यावी असं सांगत होता. पण कंत्राट बदललं तर माणसाचं काय, यावर तो गप्प होता. कंत्राटी पद्धत बंद झाली की कामगार आपोआप कायम होतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटलं होतं. २००१ मध्ये सेलच्या खटल्यात घटनापीठाने तेही काढून घेतलं.

आता कोणी विचारेल, यात जात कुठे आली? हा तर कामगारांचा प्रश्न.

जात कुठे आली ते बाबासाहेबांनी १९३८ मध्येच सांगितलं आहे. फेब्रुवारी महिन्यात मनमाडला जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यांचं म्हणणं तिथलंच. पण त्याच भाषणातला दुसरा मुद्दा आपण विसरतो. रेल्वेतला अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला साधा पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचं काम करावं लागतं आणि अस्पृश्याचा हात घरात चालत नाही. लोहमार्ग सांभाळायला चालतो, घरात चालत नाही! देखभाल ही या देशात कायम खालच्या जातीच्या वाट्याला आलेली गोष्ट आहे. निर्माण करणाऱ्याच्या नावाची पाटी लागते, सांभाळणाऱ्याच्या हातात पाटी येते.

त्याआधी शेकडो वर्षं आपल्याकडे वतन होतं. गावची मेलेली जनावरं ओढायची, सरकारी खजिना पोचवायचा, वाट दाखवायची, रात्री-अपरात्री हाक येईल तेव्हा हजर व्हायचं. हाही 'दीर्घ मुदतीचा करार'च होता. फक्त त्यात एका बाजूला सगळी कर्तव्यं होती आणि दुसऱ्या बाजूला सगळे हक्क. बाबासाहेब १९२८ पासून वतनाविरुद्ध विधेयक घेऊन उभे राहिले. अखेर १९५८ च्या कायद्याने ही वतनं रद्द झाली. आज महामार्गावर कुत्रं किंवा गाय मेली की मुकादम कोणाला हाक मारतो, हे टोळीतल्या कोणालाही विचारा. पुतण्या म्हणतो, टोळीत सगळ्या जातीची माणसं आहेत, पण ती हाक ठरलेल्या दोघा-तिघांनाच येते. वतन गेलं, हाक राहिली.

दुसरा धक्का आरक्षणाला आहे. खात्यात मैलकुलीचं पद होतं तोवर त्या पदाला बिंदुनामावली होती. रस्ता कंपनीकडे गेला की पद गेलं, पदाबरोबर बिंदू गेला. कोणी आरक्षण रद्द केलं नाही, कुठे मोर्चा निघाला नाही, एका निविदेने काम झालं. सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय आला तेव्हा आपली पोरं रस्त्यावर उतरली आणि ऑक्टोबरमध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. ही मोठी गोष्ट होती. पण आपण ज्या रस्त्यावर मोर्चा काढला, तो रस्ता झाडणारा आणि बुजवणारा माणूस कित्येक वर्षांपूर्वीच कंत्राटी झाला होता. त्याच्यासाठी आपण उतरलो नव्हतो, कारण त्याच्या नोकरीला स्पर्धा परीक्षा नव्हती. हे टोचणारं आहे, पण स्वतःला टोचून घ्यायलाच हवं.

तिसरी बाजू कंत्राटांच्या मालकीची. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या तक्रारींचं निवेदन दिलं. त्यात नोकऱ्या आणि शिक्षणाबरोबर सरकारी कंत्राटांमधला वाटाही मागितला होता. केंद्रीय बांधकाम खात्याच्या कंत्राटदारांत आपला माणूस जवळपास दिसत नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. लक्षात घ्या, तेव्हा ते स्वतः मजूरमंत्री होते आणि ते खातं त्यांच्याच अखत्यारीत होतं. २००२ च्या भोपाळ जाहीरनाम्याने ही मागणी पुन्हा वर आणली. आज केंद्राच्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांसाठी चार टक्के वाटा आहे, पण तो वस्तू आणि सेवांच्या खरेदीत. बांधकामाची कंत्राटं त्यात धरत नाहीत. कर्नाटकने कायदा बदलून कामांच्या कंत्राटांतही २४.१० टक्के वाटा दिला, आधी पन्नास लाखांपर्यंतच्या कामांना, नंतर एक कोटीपर्यंतच्या. चांगली गोष्ट आहे. पण दीर्घ कंत्राट काय करतं ते बघा. शंभर छोटी कामं एका गठ्ठ्यात बांधली जातात आणि गठ्ठा शेकडो कोटींचा होतो. मग एक कोटीची मर्यादा घेऊन करायचं काय? छोट्या कामावर उभा राहिलेला आपला तरुण अभियंता, मजूर सहकारी संस्था, गावातला लहान ठेकेदार हे सगळे निविदेच्या दारातूनच परत फिरतात. पुढे ते त्याच कंपनीचे उपकंत्राटदार होतात, कंपनी ठरवेल त्या दराने आणि तिच्या मर्जीने.

अमेरिकेत १९८० च्या दशकापासून केंद्रीय महामार्ग निधीतला किमान दहा टक्के भाग वंचित समूहांच्या उद्योगांकडे जावा, असं उद्दिष्ट ठेवलं गेलं. त्यातून वाद झाला आणि एक गोरा कंत्राटदार सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९५ मध्ये त्याच्या बाजूने निकाल लागला आणि अशा योजनांवर कडक कसोटी लागू झाली. काम कसलं होतं माहीत आहे? कोलोरॅडोमधल्या एका रस्त्याच्या कडेला रेलिंग बसवण्याचं उपकंत्राट! रेलिंगच्या तुकड्यासाठी प्रस्थापित माणूस देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जातो. रस्त्याच्या कडेला किती सत्ता पडलेली असते, हे त्याला कळतं. आपल्याला कळायला हवं.

एक इशारा आपल्याच लोकांना. चार दलित कंत्राटदार झाले म्हणजे प्रश्न सुटला, असं मी मानत नाही. आपला ठेकेदारही मजुरी थकवू शकतो, मीही असे पाहिले आहेत. मालकीतला वाटा आणि मजुराचा हक्क या दोन्ही मागण्या एकत्र हव्यात. मनमाडचे दोन शत्रू दोन आहेत. एकाशी तडजोड करून दुसऱ्याशी लढता येत नाही.

आणि जुन्या खात्याचं गुणगान करून 'सगळं सरकारी करा' एवढं म्हणूनही भागणार नाही. टक्केवारी तिथेही होती, खड्डे तिथेही होते. माझ्या मागण्या नेमक्या आहेत.

एक. देखभालीच्या प्रत्येक करारात सेवासातत्याचं कलम हवं. ठेकेदार बदलला तरी माणूस, त्याचा पगार आणि त्याची सेवेची वर्षं पुढे जायला हवीत. यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. निविदेत एक कलम घातलं की झालं.

दोन. खड्ड्यासारखीच मजुरी, भविष्यनिर्वाह निधी आणि सुरक्षा यांचीही कामगिरीच्या मोजमापात नोंद हवी. मजुरी थकली की कंपनीचा हप्ता कापला पाहिजे.

तीन. उपकंत्राटांत अनुसूचित जाती-जमातींचा वाटा ठरवा. मजुरी आणि अपघातांची नोंद जातवार आणि पदवार जाहीर करा. नोंदच नसेल तर भेदभाव सिद्ध कसा करायचा?

चार. रस्त्याची पाहणी आणि मूळ देखभालीचा गाभा खात्याकडे ठेवा आणि ती पदं बिंदुनामावलीने भरा. २०२० च्या व्यवसाय सुरक्षा संहितेने मुख्य कामात कंत्राटी कामगार लावायला मनाई केली आहे. बांधकाम-दुरुस्तीला त्यातून वगळलं आहे, पण त्याच कामासाठी जी संस्था स्थापन झाली तिला ती सूट नाही. मग रस्त्यांसाठीच स्थापन झालेल्या महामंडळाचं मुख्य काम रस्ता सांभाळणं नाही, तर दुसरं काय आहे? हा युक्तिवाद न्यायालयात नेण्यासारखा आहे. आपले वकील मित्र ऐकताहेत ना?

तोवर काय करायचं? आपल्या तालुक्यातून जाणाऱ्या एका महामार्गापासून सुरुवात करा. माहिती अधिकारात कराराची प्रत मागा, ठेकेदार आणि उपकंत्राटदारांची यादी मागा, निधी भरल्याची चलनं मागा. रविवारी टोळीतल्या माणसांना बुद्धविहारात बोलवा आणि त्यांच्या मोबाइलवर भविष्यनिर्वाह निधीचं पासबुक उघडून दाखवा. अनेकांना आपल्या नावावर काय जमा होतंय आणि काय होत नाहीये, हे पहिल्यांदाच कळेल. रस्त्याची दुरुस्तीही कायद्याने बांधकामाच्या कामात येते. वर्षात नव्वद दिवस काम केलेल्या प्रत्येकाची कल्याण मंडळात नोंदणी करून घ्या. मजुरी बुडाली असेल तर मूळ मालकाच्या नावाने अर्ज करा. तिसऱ्या ठेकेदाराच्या मागे धावण्यात आयुष्य घालवू नका.

गेल्या महिन्यात पुतण्याच्या टोळीतल्या अकरा जणांना घेऊन आम्ही असाच एक अर्ज केला. उत्तर अजून आलेलं नाही. पण अर्ज दिल्यावर मुकादमाने पहिल्यांदाच हजेरीची वही सगळ्यांसमोर उघडली. वडिलांच्या काळात मस्टरवर नाव यावं म्हणून लोक भांडले, तेव्हा कुठे कालेलकर तडजोड झाली. ते मस्टर आपल्याला पुन्हा उघडायला लावायचं आहे.

जय भीम!